आईच्या मांडीवर इल्मो

मी दातांच्या कवळ्या करते. आमचा कारखाना म्हणजे तीन खोल्या, चार माणसं आणि एक भट्टी. फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी ती भट्टीच बंद पडली. दात भाजता येत नाहीत म्हटल्यावर बसून काय करणार? मालक म्हणाले, "जा बाई घरी, उद्या बघू." मी दोनच्या सुमाराला घरी पोहोचले.

पायरीवर बुटांवरचं बर्फ झटकत होते, तेवढ्यात आतून पियानो ऐकू आला. वाजत होता म्हणवत नाही, कुणीतरी तो बडवत होतं. पायरीला लागूनच बैठकीच्या खोलीची खिडकी आहे. मी वाकून पाहिलं.

आई स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवर माझा इल्मो, दहा महिन्यांचा. त्याच्या मुठीत राय नावाच्या धान्याच्या कडक पावाचा चघळून चघळून लिबलिबीत झालेला तुकडा होता, आणि त्या मुठीसकट तो पट्ट्यांवर दणादण हाणत होता. पावाचा चुरा पट्ट्यांच्या फटींत जात होता. हनुवटीवरून निघालेली लाळेची तार थेट पांढऱ्या पट्टीपर्यंत पोहोचली होती. आणि आई हसत होती. त्याच्या टाळूवर हनुवटी टेकवून, डोळे मिटून. तो जे काही बडवेल त्याच्या खाली डाव्या हाताने हळूच खर्जातले सूर धरत होती. जणू तो गातोय आणि तिला नुसती साथ करायची आहे.

मी आत गेले नाही. तशीच थंडीत उभी राहिले. सांगायची लाज वाटते, तरी सांगते. मला माझ्या पोराचा हेवा वाटला. त्याला त्या मांडीवरून उचलून खाली फरशीवर ठेवावं, असं वाटण्याइतका.

माझ्या आईचं नाव हिल्का. उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या आमच्या राहे गावात तिशीच्या पुढच्या कुणालाही भेटा, 'हिल्काबाई' म्हटलं की माणूस आधी स्वतःची नखं बघतो. छत्तीस वर्षं तिने गावातल्या मुलांना पियानो शिकवला. घरात तिची विद्यार्थिनी एकच, मी. कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे करायचे, नखं दाखवायची, मगच झाकण उघडायचं. ती कधी माझ्या शेजारी बसली नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून मागे बसायची. पियानोच्या चकचकीत लाकडात मला तिचं तोंड दिसायचं, आणि कुठे चुकलं ते त्या तोंडावरून कळायचं. बोलायची एकच शब्द. "पुन्हा."

बाहेरच्या मुलांना ती तास संपला की मनुका द्यायची. मला नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "स्वतःच्या पोरीला दिल्या तर लोक काय म्हणतील?" आमच्या घरात लोक म्हणजे फक्त बाबा. ते पोलादाच्या कारखान्यातून यायचे, वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे आणि पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागायचे.

चौदा वर्षांची असताना मी तिला म्हटलं, "मला नाही वाजवायचं यापुढे." वाटलं होतं, ती ओरडेल. निदान विचारेल तरी का म्हणून. ती म्हणाली, "बरं." झाकण लावलं आणि बटाटे सोलायला गेली. त्यानंतर वीस वर्षांत तिने तो विषय काढला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. निदान मला भांडता आलं असतं.

बाबा गेल्यावर आईने घर विकलं आणि दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला गेली. पियानो तिथे मावेना. "तुझ्याकडे असू दे," म्हणाली. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून मी हो म्हटलं. चार वर्षं त्यावर मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवत होते.

माझा नवरा युहो मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम बघतो. जानेवारीत गेला तो एप्रिलमध्येच येणार होता. मला कामावर परत जायचं होतं, म्हणून आई रोज सकाळी आठला यायची आणि चारला जायची. मी कामावर असताना घरात काय चालतं ते मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी मुद्दाम दार जोरात उघडलं. पियानो थांबला.

"अगंबाई, लवकर आलीस?" आई म्हणाली. इल्मोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पट्ट्यांकडे वळला.

"भट्टी बिघडली. हे काय चाललंय?"

"काही नाही, आमची मैफल."

"हात धुतले का त्याने?"

"कुणी? इल्मोने?" आईला कळेना मी थट्टा करतेय की काय. "दहा महिन्यांचं पोर गं ते. हात धुवून परत तोंडातच घालणार."

"नाही, मी आपलं विचारलं. नियम होता ना आपल्याकडे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग ॲप्रनच्या टोकाने एकेक पट्टी पुसायला लागली. इल्मो तिच्या हाताला लटकून ओरडत होता. त्याला वाटलं असावं, हाही खेळच.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. कामावर दाताला चकाकी देताना डोळ्यांसमोर ती हनुवटी आणि ती टाळू. संध्याकाळी त्याला आंघोळ घालताना पावाचा चुरा त्याच्या मानेच्या वळीत सापडायचा, की मी मनात म्हणायचे, आज पुन्हा. आईशी बोलताना माझ्या तोंडून टोमणेच बाहेर पडायचे. "आज काय शिकवलंत बाई?" "गृहपाठ दिलाय का?" आई हसून सोडून द्यायची. तिने सोडून दिलं की माझी आग आणखी भडकायची. माझ्या वेळी तिने काही म्हणून सोडून दिलं नव्हतं.

रविवारी युहोचा फोन आला, कुठल्याशा बंदरातून. मी त्याला सगळं सांगितलं. पलीकडे तो फिदीफिदी हसायला लागला.

"रीक्का, तू स्वतःच्या पोरावर जळतेस?"

"हसू नकोस."

"बरं, नाही हसत. अगं, दुधापेक्षा सायीवर जीव जास्त असतो, सगळ्या आज्यांचा असाच असतो. माझ्या आईने मला चमच्याने मारलंय. इल्मोला ती तोच चमचा चघळायला देते."

"तुला चालतं ते?"

"मला काय? चमचा त्याच्याकडे गेला, मी सुटलो." मग म्हणाला, "तिला विचार ना सरळ. म्हण, आई, मला का नाही?"

"पस्तीस वर्षांची बाई असं विचारते का कुठे?"

"न विचारता जळत बसते ती पस्तिशीची बाई मोठी शहाणी, नाही का?"

मी फोन ठेवून दिला.

त्याच दुपारी मी एक उद्योग केला. इल्मोला घेतलं आणि पियानोपाशी बसले. म्हटलं, माझं पोर, माझं घर, माझी मांडी. मला कोण अडवतंय? झाकण उघडलं. वीस वर्षांनी. बोटं कुठे ठेवायची ते बोटांना माहीत होतं, त्याचाच राग आला. लहानपणचा एक धडा वाजवायला लागले. इल्मो आधी गप्प बसला. मग त्याचा हात पुढे आला, ओला, बिस्किटाने माखलेला. आणि तो हात पट्टीला लागायच्या आत मी त्याचं मनगट पकडलं.

मी ठरवून पकडलं नाही. हात आपोआप गेला. "नाही," मी म्हटलं, आणि माझ्या कानांना तो आवाज ओळखीचा वाटला.

त्याने ओठ काढले, पाठीची कमान केली आणि मांडीवरून खाली सरकला. रडत रडत रांगत गेला तो थेट बाहेरच्या दाराकडे. तिथे आईच्या घरात घालायच्या चपला होत्या. त्यातली एक छातीशी धरून बसला. आता मला दोघांचाही हेवा वाटायला लागला. आईला तो मिळाला होता आणि त्याला आई. मी मात्र मधल्यामध्ये कोरडी.

जानेवारीच्या शेवटी इल्मोचा कान दुखला होता. मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं, औषध दिलं, चार दिवसांत बराही झाला. महिन्याभराने पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. सोमवारी सकाळी आई दारात कोट काढत होती, इल्मो तिच्या पायांना मिठी मारून उभा राहायला बघत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यातली नर्स म्हणाली, कानाजवळ मोठा आवाज नको. पियानो वगैरे नको सध्या."

आईचा एक हात कोटाच्या बाहीतच राहिला.

"कधी म्हणाली?"

"तेव्हाच. मी विसरले."

"म्हणजे त्याचा कान..." तिचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे दुखला का गं?"

मी इथे थांबवू शकले असते. 'छे गं, सर्दीमुळे दुखला' एवढं म्हणायचं होतं. मी बुटाचे बंद बांधत म्हटलं, "तसं काही ती म्हणाली नाही. पण काळजी घेतलेली बरी."

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. झोप लागली, जेवण गेलं. बुधवारी संध्याकाळी घरी आले तर पियानोवर आईने घरातली जाड चादर घडी करून टाकली होती आणि वर कुंडी ठेवली होती, म्हणजे कुणाला चुकूनसुद्धा उघडता येऊ नये. गुरुवारी पाहिलं, जेवणाच्या खुर्च्यांच्या पायांना तिने लोकरीचे मोजे चढवले होते, सरकवताना आवाज होऊ नये म्हणून. इल्मोचा लाकडी चमचा, ज्याने तो पातेली वाजवायचा, तो वरच्या कप्प्यात गेला होता. ती त्याच्याशी कुजबुजत बोलत होती.

"आई, एवढं काही नको," मी म्हटलं.

"हळू बोल," ती म्हणाली.

इल्मो पियानोपाशी रांगत जायचा, धरून उभा राहायचा आणि बंद झाकणावर थापा मारायचा. मग मान वळवून आईकडे बघायचा. आई त्याला उचलून खिडकीपाशी न्यायची आणि बर्फ काढायची गाडी दाखवायची. तो रडायचा नाही. नुसता तिच्या खांद्यावरून पियानोकडे बघत राहायचा. शुक्रवारपर्यंत माझी झोप पुन्हा गेली. रोज ठरवायचे, आज सांगून टाकायचं. रोज वाटायचं, उद्या.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी कान पुन्हा दाखवायचा होता. मी सुट्टी काढणार होते, पण एका म्हातारबाबांची कवळी नातीच्या लग्नाआधी द्यायची होती आणि मालक हातापाया पडायचेच बाकी होते. आई म्हणाली, "मी नेते ना. त्यात काय?" नाही म्हणायला मला कारण सापडेना. दिवसभर माझ्या हातून तीन दात पडले.

चार वाजून गेले होते मी पोहोचले तेव्हा. आमच्याकडे तान्ह्या पोरांना हिवाळ्यातही उघड्यावर निजवतात तसा इल्मो मागच्या ओसरीत ढकलगाडीत, लोकरीच्या पिशवीत गाढ झोपला होता, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. अंगात कोट, डोक्यावर टोपी. निघायच्या तयारीत, पण निघालेली नाही.

"कान छान आहे," ती म्हणाली.

"हो का? बरं झालं."

"नर्स कोण होती माहितीये? पिर्यो. माझ्याकडे सहा वर्षं शिकायला होती. मला बघून तिने नखं लपवली." आई जराशी हसली. मग म्हणाली, "मी तिला विचारलं, आता पियानो कधीपासून चालेल. ती म्हणाली, कुणी बंद केला? मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना. ती म्हणाली, नाही हो बाई, असं आम्ही कुणाला सांगतच नाही. उलट वाजवा म्हणतो."

मला तिच्यासमोर उभं राहवेना. मी पाठ फिरवून नळाखाली हात धरले.

"मग मी म्हटलं, मीच चुकीचं ऐकलं असेल. वय झालं आता. ती म्हणाली, तुमचा कान आणि चुकेल?" आईने टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हटलं, चुकतो कधी कधी."

तिने मला विचारलं नाही. का खोटं बोललीस, एवढंसुद्धा नाही. वीस वर्षांपूर्वीचं ते 'बरं' पुन्हा एकदा ऐकायला मिळणार असं वाटलं आणि माझा बांध फुटला.

"मला कधी घेतलं होतंस मांडीवर?" मी ओरडलेच. "कधी हसलीस माझ्या वाजवण्यावर? त्याच्या लाळेने पट्ट्या चिकट झाल्या तरी तुला चालतं. माझी नखं बघायचीस! मी तुझ्याकडे बघितलं तर मागून आवाज, समोर बघ. मनुका नाही दिल्यास साध्या! परक्यांच्या पोरांना मनुका, नातवाला मांडी, आणि मला काय? खुर्ची! पाठीमागे!"

किती बोलले कोण जाणे. मधेच रडायला लागले, ते पुसायला भांडी पुसायचं फडकं घेतलं. आई ऐकत होती. माझं संपल्यावर ती टोपीची लोकर उलटसुलट करत बसली.

"घेतलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मांडीवर. तुला आठवणार नाही. एक वर्ष आठ महिन्यांची होईपर्यंत. रोज. इल्मोसारखीच बडवायचीस. आजोबांचं घड्याळ ठेवायचा डबा घेऊन यायचीस हातात आणि त्याने ठोकायचीस. सगळ्यात वरच्या सप्तकात एका पट्टीला खाच आहे बघ, ती तुझीच."

मला माहीत होती ती खाच. मला वाटायचं, पियानो जुना आहे.

"मग?"

"मग एक दिवस मी भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होते. तू स्टुलाला धरून उभी होतीस. एक बोट वर केलंस आणि मी गुणगुणत होते तोच सूर लावलास. मला वाटलं, लागला असेल. मी दुसरा म्हटला. तू शोधलास. एकदा चुकलीस, तोंड वाकडं केलंस आणि बरोबर पट्टीवर गेलीस. तिसरासुद्धा. हातांचा साबणसुद्धा धुतला नाही मी. कारखान्यात फोन केला तुझ्या बाबांना. ते म्हणाले, कुणी मेलं का? म्हटलं, नाही, आपल्या पोरीला कान आहे."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तुला स्टुलावर एकटीला बसवलं. खाली टेलिफोनच्या दोन जाड डिरेक्टऱ्या घातल्या, हात पोहोचावेत म्हणून. मांडीवर हात नीट पडत नाहीत, खांदे वर येतात." ती हे अजूनही शिकवल्यासारखंच बोलली, आणि तिलाही ते कळलं असावं. "हाव सुटली मला. मी गावातल्या पोरांना शिकवून शिकवून म्हातारी होणार होते. वाटलं, ही नाही होणार अशी."

बाहेर इल्मो कुरकुरला, पुन्हा गप्प झाला. आम्ही दोघी कान देऊन बसलो.

"आणि तो?" मी विचारलं. "उद्या त्याने बोट वर केलं तर? त्यालाही बसवशील डिरेक्टऱ्यांवर?"

आईने डोळे मोठे केले.

"इल्मो? त्याला कान नाहीये."

"काय?"

"अजिबात नाही. दोन महिने बघतेय मी. गाऊन बघितलं, वाजवून बघितलं. काही फरक पडत नाही त्याला. दगड आहे. ठेका तर विचारूच नकोस." तिने हात जोडल्यासारखे केले. "देवाची कृपा."

आता मला राग यावा की हसू, कळेना. "माझ्या पोराला दगड म्हणतेस?"

"सोन्यासारखा दगड आहे गं. मला पहिल्यांदा नुसतं बसता आलं त्या स्टुलावर. कुणाला सुधारायचं नाही, काही नाही."

मी हसले, पण ते फार वेळ टिकलं नाही. हसता हसताच मनात आलं ते बोलून गेले, "म्हणजे मला कान नसता तर मला मांडी मिळाली असती."

ते खोटं आहे असं आई म्हणाली नाही. ती उठली, टोपी घातली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "तू सोडलंस तेव्हा मी बरं म्हटलं ना, ते तुझी सुटका व्हावी म्हणून म्हटलं होतं. मला वाटलं, तुला तेच हवंय."

"मला विचारायचं होतंस."

"हो," ती म्हणाली. "विचारायचं होतं."

ती गेली. मी ओसरीत जाऊन इल्मोच्या गाडीशेजारी उभी राहिले. मन हलकं झालं असं म्हणतात तसं काही झालं नाही. उलट आता माझ्याजवळ एक वर्ष आठ महिने होते, आणि त्यातला एक दिवसही मला आठवत नव्हता. इल्मोलाही हे आठवणार नाही, असं मनात आलं. हा विचार मत्सराचा होता की मायेचा, मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई यायच्या आत मी कुंडी उचलली, चादर काढली, खुर्च्यांचे मोजे सोडवले. आई आली, तिने पाहिलं. "लाव झाकण," म्हणाली, "तू गेल्यावर उघडेन."

"मी असतानाही उघड," मी म्हटलं. "मला हेवा वाटतो, तो वाटू दे. मी नाही आता नर्सचं नाव घेणार."

"खरंच वाटतो?"

"खरंच."

आईने मान डोलावली, जणू मी सर्दी झाल्याचं सांगितलं. मग इल्मोला घेऊन बसली. मी कामावर जाईपर्यंत दाराशी उभी राहून पाहिलं. जळजळ झालीच. पण पळून जावंसं वाटलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात युहो आला. समुद्रावरचं बर्फ फुटायला लागलं होतं, रस्त्यांवर नुसता चिखल. पहिले दोन दिवस इल्मोने बापाला ओळखच दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, आई वेलचीचे पाव भाजून घेऊन आली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होतो, तेवढ्यात बैठकीतून आवाज सुरू झाला. युहोने त्याला मांडीवर घेतलं होतं. आयुष्यात पियानोला हात न लावलेला माणूस. दोन्ही मुठींनी जहाजाच्या इंजिनाचा आवाज काढत होता आणि तोंडाने भोंगा वाजवत होता. इल्मो असा हसत होता की त्याचा श्वास अडकत होता. इतका तो आईपाशीही कधी हसला नव्हता.

आई किटली हातात धरून दाराच्या चौकटीत उभी राहिली. मी तिच्या मागे. तिचं तोंड मला बाजूने दिसत होतं. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी जराशी वर.

"खांदे बघ त्याचे," ती पुटपुटली. "आणि डाव्या हाताने नुसतं धोपटणं चाललंय."

"आई."

"पियानोची तार तुटेल अशाने."

"आई, तू जळतेस."

"गप बस."

कॉफी सांडायच्या बेतात होती. मी तिच्या हातातून किटली काढून घेतली. आतला गोंधळ वाढतच चालला होता.

"किती दिवस आहे हा घरी?" आईने विचारलं.

"जूनपर्यंत."

"जूनपर्यंत!" ती म्हणाली, आणि मग स्वतःच ओशाळून हसली. मी तिचा कोट आणला, माझाही घेतला. युहोला ओरडून सांगितलं की पाव टेबलावर आहेत, आम्ही बंदरावर बर्फ बघायला जातोय. त्याला ऐकू गेलं नाही. आम्ही तशाच निघालो. रस्ता घसरडा होता, म्हणून आईने माझा दंड धरला, आणि बंदर येईपर्यंत तिने युहोच्या ठेक्याला नावं ठेवली. मी प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेले.